नकाशात गल्ली, मजकुरात ओढा: शाळा डिस्ट्रिक्टची हद्द बदलताना नोटिशीचं काय झालं

हे प्रकरण कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातलं. गाव, काउंटी (म्हणजे साधारण आपला जिल्हा), दोन्ही शाळा डिस्ट्रिक्ट आणि माणसं यांची नावं मुद्दाम गाळलीयत, कारण त्यातली निम्मी माणसं मला अजून कॉस्टकोत भेटतात. बाकी जसं झालं तसं लिहितोय. यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे, तीही लिहितोय.

पार्श्वभूमी

इथं राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. शाळा डिस्ट्रिक्ट म्हणजे ठरावीक भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, तिचं स्वतःचं बोर्ड असतं. इथं गावाची हद्द आणि शाळा डिस्ट्रिक्टची हद्द यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट फ्रीमाँट गावात नाहीच, ते सनीव्हेल-कुपर्टिनोच्या बाजूला आहे, आणि त्याच डिस्ट्रिक्टचं लिनब्रुक हायस्कूल सॅन होजेच्या हद्दीत येतं. नवीन आलेला माणूस पत्ता बघून घर घेतो आणि शाळेत नाव घालायला गेल्यावर कळतं की आपण भलत्याच डिस्ट्रिक्टमध्ये आहोत. अख्ख्या राज्यात अशी हजाराच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि बऱ्याच रेषा शेतं आणि फळबागा होत्या तेव्हाच्या आहेत.

आमची कॉलनी म्हणजे १९४ टाऊनहोम, पूर्वेला एक गल्ली, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला जुनी अठरा स्वतंत्र घरं, त्या घरांच्या परसाला लागून ओढा. इथं त्याला क्रीक म्हणतात, उन्हाळ्यात पाणी नसतंच. ओढ्यावर एक पादचारी पूल, पुलापलीकडे आमच्याच डिस्ट्रिक्टची एलिमेंटरी शाळा. आता कोणीही म्हणेल की मग काय अडचण, चालत जा. पण आमची कॉलनी बांधली तेव्हा ती शाळा भरलेली होती म्हणून आम्हाला फ्रीवेच्या पलीकडची शाळा दिली, आणि जुनी अठरा घरं मात्र पुलापलीकडच्या शाळेतच राहिली. सकाळी ओव्हरपासवर पंचवीस मिनिटं. उलट्या दिशेला, आमच्यापासून अर्ध्या मैलावर, शेजारच्या डिस्ट्रिक्टची शाळा होती, मुलं कमी होत चाललेली, वर्ग रिकामे.

आधी आम्ही आमच्याच बोर्डाकडे गेलो. एकाच डिस्ट्रिक्टच्या आत कुठल्या घराला कुठली शाळा ही रेष बोर्ड स्वतः बदलू शकतं, त्यासाठी काउंटीकडे जावं लागत नाही. बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा ब्राऊन ॲक्टप्रमाणे ७२ तास आधी लावायचा, चर्चा करायची, ठराव करायचा. ब्राऊन ॲक्ट म्हणजे १९५३ चा इथला कायदा, सार्वजनिक संस्थांनी लोकांसमोर उघडपणे निर्णय घ्यायचे एवढाच त्याचा अर्थ. बोर्ड म्हणालं पुलापलीकडची शाळा अजून भरलेलीच आहे. मग राहिला दुसरा रस्ता, म्हणजे अख्खी कॉलनीच एका डिस्ट्रिक्टमधून काढून दुसऱ्यात घालायची. याला टेरिटरी ट्रान्सफर म्हणतात आणि तो काउंटीच्या कमिटीपुढे जातो, जिचं कामच डिस्ट्रिक्टच्या हद्दी ठरवणं हे आहे. आमच्याकडे कमिटीवर अकरा जण होते.

प्रक्रिया अशी. त्या भागातल्या नोंदणी झालेल्या मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्यांची पिटिशन द्यायची. काउंटी सुपरिंटेंडंट, म्हणजे काउंटीचे शिक्षणाधिकारी, ३० दिवसांत सह्या पुरेशा आहेत का बघणार. मग कमिटीने ६० दिवसांत दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये जाहीर सुनावणी घ्यायची, आणि पहिल्या सुनावणीपासून १२० दिवसांत हो की नाही सांगायचं. दोन्ही बोर्डांची संमती असेल आणि जाणारा भाग मूळ डिस्ट्रिक्टच्या करपात्र मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर निवडणूक न घेता काम होऊ शकतं. नाहीतर मंजुरीनंतरही मतदान.

इथं पहिली गंमत झाली. आम्ही उत्साहात ११८ सह्या जमवल्या होत्या. मग कोणीतरी शांतपणे विचारलं, यातले मतदार किती? एच-वन-बीवाल्यांची सही चालत नाही, ग्रीन कार्डवाल्यांचीही नाही, माझीही नाही. ज्यांची मुलं रोज ओव्हरपासवर अडकतात त्यातल्या निम्म्या लोकांना या कागदावर जागाच नव्हती. ११८ च्या ७१ झाल्या. पिटिशनवर जास्तीत जास्त तीन मुख्य अर्जदार टाकता येतात, ते तिघंही सिटिझन शोधून टाकले: समोरच्या गुजराती ताई, एक रिटायर्ड गोरे आजोबा आणि माझा पुण्याचा मित्र. मी सही करू शकत नव्हतो म्हणून मग मी नकाशा काढला.

अडचण

पिटिशनला दोन गोष्टी जोडल्या होत्या, हद्दीचं शब्दातलं वर्णन आणि नकाशा. वर्णन मित्रानं लिहिलं. त्याला वाटलं ओढा ही छान नैसर्गिक हद्द आहे, म्हणून त्यानं लिहिलं, तिथून उत्तरेकडे ओढ्याच्या मध्यरेषेने. मी नकाशा काढला तो गूगल मॅपच्या स्क्रीनशॉटवर लाल रेष ओढून, आणि माझ्या डोक्यात कॉलनी गल्लीपाशी संपते, म्हणून माझी रेष गल्लीवरून गेली. दोघांनी एकमेकांचं काम बघितलं, छान आहे म्हणालो, आणि जोडून टाकलं. मधली अठरा घरं नकाशात बाहेर होती आणि मजकुरात आत.

एक खूण आम्हाला मिळाली होती आणि आम्ही ती सोडली. आमच्या हिशोबानं मतदार दोनशेच्या आसपास होते. सुपरिंटेंडंटच्या काउंटी ऑफिसनं मजकूर वाचून मतदारयादी काढली आणि सांगितलं २३६, म्हणजे ५९ सह्या लागतील. आमच्या ७१ पैकी ९ बाद झाल्या, कुणी घर बदललं होतं, कुणाची सही जुळली नाही, राहिल्या ६२. जमलं! पार्टी झाली. २३६ कुठून आले हे कुणीच विचारलं नाही, आम्हाला वाटलं नवीन सिटिझन झाले असतील बरेच जण.

आता नोटीस. कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमधलं कलम ३५७०५ म्हणतं की सुनावणीची नोटीस किमान १० दिवस आधी तिघांना द्यायची: मुख्य अर्जदार, संबंधित सगळी बोर्डं, आणि ज्यांनी ज्यांनी आम्हाला कळवा म्हणून मागणी केलीय ते लोक. बस. ज्याचं घर उचलून दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये ठेवणार त्याच्या दारात पत्र गेलंच पाहिजे असं त्यात नाही. तुम्ही मागितली तर नोटीस, आणि मागायची केव्हा, तर आपल्याविषयी काही चाललंय हे कळल्यावर. ते कळणार कसं हा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवायचा. याशिवाय पुढचं कलम, ३५७०५.५, सांगतं की पिटिशनचं सविस्तर वर्णन सुनावणीच्या किमान १० दिवस आधी लोकांना बघायला उपलब्ध पाहिजे, त्यात कर्मचाऱ्यांच्या हक्कांचं काय, मुलामागचा निधी किती, मालमत्ता आणि बाँडचं (शाळांच्या इमारतींसाठी काढलेलं) कर्ज कसं वाटलं जाणार असलं सगळं यायला हवं.

पहिल्या कलमाची १० दिवसांची नोटीस वेळेत गेली. दुसऱ्या कलमाचं वर्णनपत्र ऑफिसच्या वेबसाईटवर चढलं सुनावणीच्या सहा दिवस आधी. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमची नोटीस म्हणजे आमचा व्हॉट्सॲप ग्रूप, त्यात ८७ जण, आणि त्या अठरा घरांतलं एकही नाही.

त्या वेळी माझे वडील भारतातून आले होते. सांगली जिल्ह्यात तलाठी म्हणून आयुष्य गेलेला माणूस. सुनावणीच्या दोन दिवस आधी रात्री डायनिंग टेबलावर प्रिंट पडली होती, चष्मा लावून बघत बसले, इंग्रजी मजकूर मला वाचायला लावला, बोटानं नकाशावरची लाल रेष धरत गेले आणि पूर्वेला येऊन थांबले. म्हणाले, "चतुःसीमा जुळत नाही रे. कागद म्हणतोय ओढा, तुझी रेघ रस्त्यावर. ही मधली घरं कुणाची?" मी म्हटलं ती आपल्यात नाहीत. "तू नाही म्हणतोस, कागद हो म्हणतोय. वाद झाला की कागद बघतात." मग विचारलं, "त्यांना सांगितलंय का कुणी? गावात साधी मोजणी असली तर लगतच्या कब्जेदाराला नोटीस असते."

मी त्या रात्री फारसा झोपलो नाही.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुजराती ताईंच्या गराजमध्ये सहा जण बसलो. पहिला पर्याय गप्प बसायचा. ऑफिसनं तपासलंय, सह्या पास झाल्यात, नोटीस नियमाप्रमाणे गेलीय, त्या अठरा घरांना कळलेलंच नाही तर विरोध कोण करणार, एकदा मंजूर झालं की झालं. हे ऐकायला वाईट वाटतं पण त्या गराजमध्ये तीन जण याच बाजूचे होते आणि त्यांचं एक कारण खरंच वजनदार होतं. हद्द बदलली की नवा नकाशा आणि वर्णन राज्याच्या करांचं काम बघणाऱ्या बोर्ड ऑफ इक्वलायझेशनकडे १ डिसेंबरच्या आत दाखल करावं लागतं, मग पुढच्या वर्षी करआकारणीत ते धरतात आणि बदल १ जुलैपासून लागू होतो. डिसेंबर चुकला की सरळ एक वर्ष गेलं. आणि आम्ही सप्टेंबरच्या मध्यात होतो.

दुसरा पर्याय, ऑफिसला सांगायचं आणि मजकूर दुरुस्त करायला मागायचा. तिसरा, सगळं मागं घेऊन नव्यानं सुरू करायचं. चौथा पर्याय रिटायर्ड आजोबांनी काढला, त्यांनी सरळ विचारलं की त्या अठरा घरांना यायचंच असेल तर? विचारलंय का कुणी? कुणीच नव्हतं विचारलं. गल्ली ओलांडायला वीस पावलं लागतात.

मतदान नाही झालं, पण शेवटी मुख्य अर्जदार तिघं होते आणि तिघांपैकी दोघं म्हणाले सांगायचं. माझा मित्र, ज्यानं मजकूर लिहिला होता, तो तिसरा. त्याला सांगायचं नव्हतं असं नाही, त्याला सुनावणीनंतर सांगायचं होतं.

काय केलं

सकाळी फोन केला. ऑफिसमधल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, लोकांनी ज्या मजकुरावर सही केलीय तो आता बदलता येणार नाही, नकाशा चुकला असेल तरी सही मजकुरावर आहे. दोन, सुनावणी ठरलेली आहे, ती होईल, तुम्ही तिथं येऊन हे रेकॉर्डवर सांगा.

पहिली सुनावणी शाळेच्या मल्टिपर्पज रूममध्ये होती, जेवणाची टेबलं भिंतीत दुमडलेली, समोर कमिटी. आमचे चाळीसेक लोक, आणि मागच्या ओळीत एकटाच बसलेला साठीचा माणूस. तो त्या अठरा घरांतला निघाला. काउंटीच्या सगळ्या अजेंड्यांच्या ईमेल यादीत त्यानं कित्येक वर्षांपूर्वी नाव घातलं होतं, कुठल्यातरी डेव्हलपमेंटच्या वादात, आणि तेव्हापासून प्रत्येक अजेंडा वाचायचा. नोटीस मागणारे लोक असं कायद्यात लिहिलंय ना, तो त्या वर्गातला गल्लीतला एकमेव. त्याच्या हातात ३५७०५.५ ची प्रिंट आणि वेबसाईटवर ते वर्णनपत्र कधी चढलं त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट. तो आवाज न चढवता तीन मिनिटांत दोन वाक्यं बोलला: दहा दिवस लागतात, सहा मिळालेत, आणि मी आत आहे की बाहेर हे मला तुमच्या नकाशावरून कळत नाही. खाली बसला.

त्याच्यानंतर आमच्या ताई उठल्या आणि म्हणाल्या चूक आमची आहे. त्याच्या आधी बोलल्या असत्या तर बरं दिसलं असतं, पण बोलायचं असेल त्यानं भरून द्यायची स्पीकर कार्ड त्या क्रमानं लागली होती. ही छोटी गोष्ट मला अजून खुपते. आम्ही प्रामाणिकपणे सांगायला आलो होतो आणि पकडले गेल्यावर कबूल केल्यासारखं झालं.

कमिटीपुढे आता निर्णयाचा क्षण होता. पुढे जाऊन सुनावणी झाली असं धरायचं की थांबायचं. काउंटीच्या वकिलानं सांगितलं की कमिटीच्या निर्णयावर राज्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे अपील होऊ शकतं आणि ते अपील असतंच मुळी प्रक्रिया पाळली की नाही यावर. शाळा कुणाची चांगली यावर अपिलात कोणी बोलत नाही, दिवस मोजतात. अध्यक्षांनी नव्यानं नोटीस देऊन सुनावणी परत घ्यायचं ठरवलं. साठ दिवसांची मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होती, त्यामुळे वेळ होता, जेमतेम. आणि कायद्यानं लागत नसताना त्यांनी हद्दीच्या आतल्या प्रत्येक घराला पोस्टकार्ड पाठवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता, आणि पोस्टाच्या तिकिटांव्यतिरिक्त काहीच लागलं नाही त्याला.

दुसऱ्या खेपेला खोली भरली. अठराच्या अठरा घरांतून माणसं आली. त्यांचा राग शाळेवर नव्हताच, त्यांची मुलं सहा मिनिटांत पूल ओलांडून शाळेत जातात, ती कशाला सोडतील. बाँडच्या कर्जाचाही मुद्दा होता. भागात शाळेची इमारत नसेल तर तो भाग जुन्या डिस्ट्रिक्टच्या बाँडमधून सुटतो आणि नव्या डिस्ट्रिक्टच्या बाँडचा वाटा त्याच्यावर येतो, आणि नव्याचे बाँड जास्त होते. म्हातारे लोक घाबरले होते. खरं म्हणजे बाँडचा भार घराच्या करपात्र मूल्यावर असतो, घर घेतल्यावर हे मूल्य फार वाढू न देणाऱ्या १९७८ च्या प्रॉपोझिशन तेरामुळे चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांचं ते मूल्य आमच्या मानानं किरकोळ, त्यामुळे जास्त आम्हीच भरणार होतो. शाळांसाठीचा वेगळा कर, पार्सल टॅक्स, मात्र बहुतेक ठिकाणी घरटी सारखा असतो, त्यात ज्येष्ठांना सूट मिळते पण अर्ज करावा लागतो. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं असतं तर अर्धी भीती गेली असती. वर्णनपत्रात ते होतं, पान चारवर, तिसरा परिच्छेद.

आणि मग आजी उठल्या. अठरापैकी एका घरात मराठी कुटुंब आहे हे मला माहीत होतं, गणपतीला आरतीला येतात, पण त्यांना यातलं काही सांगितलं पाहिजे हे डोक्यातच आलं नाही. पब्लिक कमेंटला, म्हणजे लोकांनी बोलायच्या वेळेला, मतदार असावं लागत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. आजींनी माईकपाशी येऊन आजूबाजूला बघितलं, मी दिसलो. "अरे, तूच सांग की यांना माझं इंग्रजीत." त्यांचा मुलगा कामाच्या ट्रिपवर होता, सून घरी तान्ह्या बाळापाशी. मी आमच्या बाजूचा माणूस आणि आमच्याच विरुद्धच्या भाषणाचं भाषांतर करणार, अध्यक्षांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले भाषांतर नीट करा म्हणजे झालं. दुभाषा लागत असेल तर वेळ दुप्पट द्यावा लागतो असा नियम कॅलिफोर्नियात २०१७ पासून आहे, त्यामुळे बाकीच्यांना तीन मिनिटं आणि आजींना सहा.

आजी म्हणाल्या, मला गाडी येत नाही. इंग्रजी येत नाही. या देशात मी एकच काम एकटी करते, नातवाला पुलावरून शाळेत सोडते आणि आणते. त्या पुलावर एक चिनी आजी भेटतात, आम्हाला एकमेकींचं काही कळत नाही पण रोज थांबतो. तुम्ही रेघ हलवलीत तर त्याला गाडीनं न्यावं लागेल, मग मी घरात काय करू? पहिलं वाक्य मी व्यवस्थित केलं, शेवटच्याला माझा आवाज जरा बसला. सहा मिनिटं लागलीच नाहीत.

यानंतर ज्यानं पहिल्या वेळी दिवस मोजले होते त्यानं आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपचा स्क्रीनशॉट दाखवला. कुठून मिळाला ते कळलं नाही, ८७ जणांच्या ग्रूपमधून काय बाहेर जाणार नाही? कोणीतरी लिहिलं होतं की डिस्ट्रिक्ट बदललं की घराचा भाव बघा, खाली अकरा अंगठे. कायद्यात, कलम ३५७५३ मध्ये, कमिटीनं तपासायच्या अटींची यादी आहे, त्यात एक अट अशी की बदलाचा मुख्य हेतू घरांच्या किमती वाढवणं हा नसावा. अकरा अंगठ्यांपैकी एक माझा.

निकाल

नोव्हेंबरमध्ये कमिटीनं पिटिशन नामंजूर केली, आठ विरुद्ध दोन, एक गैरहजर. घरांच्या किमतीचा मुद्दा चर्चेत आला पण त्यावर भर नव्हता, भर समाजाची ओळख आणि एकजूट या अटीवर होता. गल्लीच्या दोन बाजू दोन वेगळ्या शाळांत जात असताना त्यांना एकत्र उचलणं कमिटीला पटलं नाही, आणि मजकूर बदलायची सोय नव्हती. अपील करायचं तर पाच दिवसांत लेखी कळवायचं आणि पंधरा दिवसांत कारणं द्यायची. मित्राला करायचं होतं. बाकीच्यांनी त्याला समजावलं की अपिलात प्रक्रियेतल्या चुका दाखवायच्या असतात आणि इथली मोठी चूक आपलीच आहे.

दुसरी पिटिशन आम्ही पुढच्या जानेवारीत दिली. या वेळी वर्गणी काढून परवानाधारक सर्व्हेअर घेतला, त्यानं गल्लीच्या मध्यरेषेनं मजकूर लिहिला आणि त्याच मजकुरावरून नकाशा काढला, एका हातानं दोन्ही. सह्या घ्यायच्या आधी गल्लीच्या पलीकडे अठरा दारं वाजवली आणि नकाशा दाखवून सांगितलं की तुम्ही बाहेर आहात, बघून घ्या. दोन जणांनी मोजपट्टी आणून बघितलं, खरंच. इंग्रजी, मराठी, चिनी, व्हिएतनामी आणि स्पॅनिशमध्ये एक पानी पत्रक काढलं, त्यावर सगळ्यात वर एकच ओळ: काउंटी ऑफिसला ईमेल करा आणि नोटीस मागा. साठ-एक लोकांनी केला. ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या एवढी मोठी यादी आमच्याकडे कधीच नव्हती.

अठरा घरं वगळल्यावर जुन्या बोर्डाचा विरोध मावळला, दोन मीटिंगनंतर संमतीचा ठराव झाला, नव्या बोर्डाला मुलं हवीच होती. दोन्ही संमती आल्यामुळे निवडणूक लागली नाही. मे महिन्यात मंजुरी, ऑगस्टमध्ये कागद बोर्ड ऑफ इक्वलायझेशनकडे, बदल लागू त्याच्या पुढच्या वर्षीच्या १ जुलैला. सुनावणीला पंधरा माणसं आली, त्यातले चार जण नुसते कॉफीला. तो अजेंडे वाचणारा माणूस आला होता, मागच्याच ओळीत. काही बोलला नाही. जाताना वर्णनपत्र अकरा दिवस आधी आलं होतं एवढं सांगून गेला.

परत करायचं झालं तर

मतदारांचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा सतराअठरा टक्क्यांनी जास्त येतो तेव्हा यादी मागवायची. ती एक ईमेल आम्ही केली असती तर जुलैमध्येच सगळं उघडं पडलं असतं आणि एक वर्ष वाचलं असतं. आनंदाच्या बातमीत चूक शोधायची कुणाची तयारी नसते, आमचीही नव्हती.

ऑफिसबद्दल लोक विचारतात की त्यांनी नकाशा आणि मजकूर ताडून का नाही बघितला. माझं मत असं की त्यांनी मतदारयादी मजकुरावरून काढली म्हणजे मजकूर वाचला होता, नकाशा फक्त जोडून टाकला. सह्या मोजणारा वेगळा, वेबसाईटवर टाकणारा वेगळा. वर्णनपत्राला चार दिवस उशीर त्यांच्याकडून झाला हे खरंच आहे, पण तो झाला म्हणून सुनावणी पुढे गेली आणि पोस्टकार्डं निघाली, नाहीतर आजी आल्याच नसत्या.

आणि ते १० दिवस. दोन नोकऱ्या असलेल्या घराला १० दिवसांत कागद वाचून, समजून, रजा काढून संध्याकाळी सहाला हजर व्हायचं म्हणजे फार नाहीत. आपल्याकडे प्रभागरचनेचा प्रारूप नकाशा लागला की हरकती-सूचनांसाठी धावपळ होते तशीच गत. फरक एवढाच की तिथं निदान पक्षाचे कार्यकर्ते असतात ओरडायला, इथं शाळेच्या हद्दीसाठी कोण ओरडणार. वडिलांचं म्हणणं होतं दवंडी पिटवा. आम्ही हसलो, पण पाच भाषांतलं पत्रक घेऊन १९४ अधिक १८ दारं वाजवणं म्हणजे दुसरं काय होतं.

एक गोष्ट मात्र मला आजही ठरवता येत नाही. सुनावणीच्या दिवशी सकाळी ऑफिसला फोन करायच्या ऐवजी आम्ही आदल्या संध्याकाळीच गल्ली ओलांडून अठरा घरांना सांगायला हवं होतं का. तेव्हा वाटलं, आधी ऑफिसला सांगू म्हणजे अधिकृत होईल. पण मग पोस्टकार्ड येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे, आम्हाला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, आणि आम्ही रोज त्यांच्याच समोर कुत्री फिरवत होतो.

पहिली पिटिशन दिली तेव्हा माझी मुलगी चौथीत जाणार होती. बदल लागू झाला तेव्हा तिची एलिमेंटरी संपली होती. ओव्हरपासवर ती शेवटपर्यंत गेलीच. आता मिडल स्कूल नव्या डिस्ट्रिक्टचं, चालत दहा मिनिटं, पण तिच्या सगळ्या मैत्रिणी फ्रीवेपलीकडच्या मिडल स्कूलला चालल्यात आणि तिला तिथंच जायचंय. त्यासाठी इंटरडिस्ट्रिक्ट परमिट लागतं, दोन्ही डिस्ट्रिक्टनी होकार द्यावा लागतो. फॉर्म टेबलावर पडलाय, जिथं वडिलांनी नकाशा बघितला होता तिथंच. कारण या रकान्यात काय लिहायचं यावर घरात अजून चर्चा चालू आहे.